अण्णांच्या जुन्या रेडहॅट मशिनचं पार्टिशन टेबल माझ्या हातून पुसलं गेलंय, डेटा परत मिळेल का?

खतावणी (ठाणे)

नमस्कार. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांब झालाय, पण काही गाळलं तर उत्तर चुकेल म्हणून सगळं लिहिते.

आमची नौपाड्यातली इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे. पुढच्या महिन्याच्या १० तारखेला जागा रिकामी करून द्यायची आहे. माळा उतरवताना अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कॉम्प्युटर सापडलं. आईनं जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलं होतं. सेलेरॉन, ६४ एमबी रॅम, ६.४ जीबीची आयडीई डिस्क. त्यावर विंडोज ९८ आणि रेडहॅट ६.२ (लिनक्स), दोन्ही.

अण्णा गणिताचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आजीच्या आणि दोन आत्यांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या लिहून काढल्या. आमचं मूळ गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा आजी पहाटे म्हणायची आणि अण्णा दाराशी बसून वहीत लिहायचे. पुढे ते सगळं त्यांनी लिनक्सवर टेकमध्ये (छपाईच्या मांडणीचं सॉफ्टवेअर) टंकलं. वह्यांचा २६ जुलै २००५ ला लगदा झाला. तेव्हा आम्ही तळमजल्यावर होतो, गुडघाभर पाणी घरात. कॉम्प्युटर टेबलावर होतं म्हणून वाचलं. नंतर प्रिंट काढू काढू म्हणता आजारपण आलं आणि २००९ ला अण्णा गेले. म्हणजे ओव्यांची एकच प्रत उरली आहे, ती या डिस्कवर.

आता काय झालं ते. मशिन चालू केलं तर आधी सीमॉस चेकसमची (मदरबोर्डवरच्या सेटिंगची) तक्रार आली, एफ१ दाबून पुढे गेले. मग लिलोची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, फक्त पहिली दोन अक्षरं उमटली, एल आणि आय, आणि सगळं थांबलं. एका रिपेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पार्टिशन टेबल (डिस्कचा कुठला कप्पा कुठून कुठे, त्याची नोंद) खराब झालंय, पुसून परत त्याच आकड्यांनी बनवा, डेटा जात नाही. अण्णांच्या वहीत (ही वेगळी वही, कपाटात होती) एफडिस्कचं (कप्पे पाडायच्या प्रोग्रामचं) टेबल पेनानं लिहिलेलं मिळालं, म्हणून मला धीर आला. रेडहॅटच्या सीडीवरून रेस्क्यूमध्ये गेले, एफडिस्क उघडून ओ दाबलं, म्हणजे नवं कोरं टेबल, मग डब्ल्यू दाबून लिहिलं. तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी वहीतले आकडे घालून सगळे कप्पे परत तयार केले:

एचडीए१ : १ ते ३८३ (विंडोज)
एचडीए२ : ३८४ ते ७८४ (एक्स्टेंडेड)
एचडीए५ : ३८४ ते ३८७ (बूट)
एचडीए६ : ३८८ ते ४०४ (स्वॅप)
एचडीए७ : ४०५ ते ७८४ (लिनक्स)

दुसऱ्या दिवशी एफडिस्कनं सुरुवातीलाच सांगितलं की सिलिंडर १३३२८ आहेत, १०२४ पेक्षा जास्त आहेत, अडचण येऊ शकते. मी तशीच पुढे गेले. आता एचडीए७ माउंट होत नाही, म्हणजे उघडतच नाही. ई२एफएसके (लिनक्सचा कप्पा तपासणारा प्रोग्राम) म्हणतं, सुपरब्लॉकमधला (कप्प्याच्या सुरुवातीच्या नोंदीतला) मॅजिक नंबर, म्हणजे ओळखीची खूण, चुकीचा. त्यानंच सुचवलेला ८१९३ आकडा देऊन पाहिला, तेच उत्तर. वहीत एचडीए७ समोर ब्लॉक्सच्या रकान्यात ३०५२३१८ आणि पुढे अधिकचं चिन्ह आहे. मला आता तिथे १७९५१८ आणि अधिकचं चिन्ह दिसतंय. आकडे तेच घातले, तर ब्लॉक वेगळे कसे?

मी अकाउंट्समध्ये आहे. २००१ साली अण्णांच्या शेजारी बसून थोडंफार शिकले, तेवढीच माहिती. दोन रात्री झोप नाही. माझ्या हातून गेलं का सगळं?

कोपरीकर

ताई, टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क लावा, ॲनालाइज करा, जुनी पार्टिशन्स सापडली की राइट करा. माझी एक टीबीची डिस्क अशीच परत आली होती.

पामबीच (नेरुळ)

ताई, आधी मशिन बंद करा आणि डिस्कची पॉवर काढा. आता त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. कोपरीकर, टेस्टडिस्क चांगलंच आहे, मीही वापरतो, पण मूळ डिस्कवर राइट नको. २५ वर्षांची डिस्क आहे आणि दुसरी प्रत नाही.

मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत २००० ते २००६ याच जातीची मशिनं सांभाळली आहेत, त्यामुळे तुमचं वर्णन वाचून बरंच ओळखीचं वाटलं. मला तीन उत्तरं हवीत.

एक, कुठलाही कप्पा फॉरमॅट केलात का? विंडोजचा किंवा लिनक्सचा, कशानंही. दोन, स्वॅपसाठी एमकेस्वॅप चालवलंत का? ते कप्प्याच्या सुरुवातीला स्वतःची सही लिहितं. तीन, वहीत टेबलाच्या वर एखादी ओळ आहे का? हेड किती, सेक्टर किती, सिलिंडर किती अशी?

पार्टिशन टेबल हा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला ६४ बाइटचा तुकडा आहे. १६ बाइटच्या चार नोंदी, बस. तो पुसला म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली, पानं जागेवर असतात. घाबरू नका, पण हात लावू नका.

खतावणी

फॉरमॅट नाही केलं. एमकेस्वॅपही नाही. ई२एफएसकेनं तक्रार केल्यावर भीती वाटली आणि थांबले.

वही आत्ता परत उघडली. टेबलाच्या वर अण्णांनी फक्त "एकूण सिलिंडर ७८४" असं लिहून खाली रेघ मारली आहे. हेड-सेक्टर कुठेच नाहीत. पण मला एफडिस्क १३३२८ दाखवतंय आणि वही ७८४ म्हणतेय. डिस्क तर तीच आहे ना?

पामबीच

डिस्क तीच. आता नीट वाचा, तुम्ही आकड्यांतल्या आहात, पटकन कळेल.

सिलिंडर हे मापाचं भांडं आहे आणि भांड्याचा आकार बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा मशिन सुरू करणारा प्रोग्राम, ठरवतो. तुमच्या डिस्कची स्वतःची नोंद १३३२८ सिलिंडर, १५ हेड, ६३ सेक्टर. म्हणजे एका सिलिंडरमध्ये १५ गुणिले ६३, ९४५ सेक्टर. पण जुन्या बायॉसना १०२४ च्या पुढचं सिलिंडर मोजता येत नसे, म्हणून एलबीए मोडमध्ये बायॉस हेड वाढवून सिलिंडर कमी करून सांगायचा. १३३२८ ला ७८४ नं भागा, बरोबर १७ येतात. १५ सत्ते... नाही, १५ गुणिले १७ म्हणजे २५५. तर अण्णांनी जेव्हा टेबल उतरवलं तेव्हा २५५ हेड, ६३ सेक्टर, ७८४ सिलिंडर होते. तेव्हाचं एक सिलिंडर १६०६५ सेक्टरचं. तुम्ही तेच ३८४, ४०५, ७८४ घातलेत, पण सतरापट लहान भांड्यानं. ब्लॉक वेगळे का, त्याचं उत्तर हे. १७९५१८ ला १७ नं गुणा, ३०५२३१८ च्या जवळ याल. थोडा फरक राहील, कारण प्रत्येक लॉजिकल (एक्स्टेंडेडच्या आतल्या) कप्प्यापुढे ६३ सेक्टर सोडलेले असतात.

भांडं का बदललं? मदरबोर्डवरची बॅटरी, ती नाण्यासारखी सीआर२०३२. ती संपली की बायॉस आपली सेटिंग विसरतो. एलबीएवर असलेली डिस्क नॉर्मलवर गेली असणार. चेकसमची तक्रार त्याचीच. लिलो एल-आयवर थांबतो तो याच कारणानं: पहिला टप्पा दुसऱ्या टप्प्याला वाचायला जातो, बायॉस भलत्याच सेक्टरवर नेतो, आणि जे हाती येतं ते चालवण्यासारखं नसतं. तेव्हा टेबल अजिबात खराब नव्हतं. बॅटरी बदलून बायॉसमध्ये एलबीए ठेवलं असतं तर मशिन सुरू झालं असतं. तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा होता, यात तुमची चूक नाही. अशी किती मशिनं या एका कारणानं फॉरमॅट झालेली मी पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

आता नुकसान मोजू. ओ दाबून डब्ल्यू केल्यावर फक्त पहिला सेक्टर लिहिला गेला. दुसऱ्या दिवशी तीन लॉजिकल कप्पे केलेत, प्रत्येकाची एकेक सेक्टरची नोंद डिस्कवर लिहिली गेली. कुठे? लहान भांड्यानं मोजलं तर सेक्टर ३६१९३५, ३६५७१५ आणि ३८१७८० वर. हे तिन्ही विंडोजच्या कप्प्याच्या पोटात येतात, सुरुवातीपासून १८५ ते १९५ एमबीच्या आसपास. लिनक्सचा भाग सुरूच होतो ६१५२८९५ व्या सेक्टरपासून, म्हणजे ३ जीबीच्या पुढे. तिथे तुमचा हात पोचलेलाच नाही. म्हणून ई२एफएसकेला सुपरब्लॉक सापडला नाही. ते विंडोजच्या फायलींत शोधत होतं.

आता कामाचं. डिस्क काढून लॅपटॉपला आयडीई ते यूएसबी अडॅप्टरनं लावा, मात्र १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर असलेला घ्या. लॅमिंग्टन रोडला मिळतो, वाशीतही चौकशी करा. मागचा जंपर मास्टरवर ठेवा. विंडोजच्या लॅपटॉपला लावू नका. तो डिस्क फॉरमॅट करू का विचारतो, आणि घरात कुणाचं तरी बोट हो वर पडतं. उबंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. मग डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामनं पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढा, कप्प्याची नाही, अख्ख्या डिस्कची. फाइल बरोबर ६४४८६१९५२० बाइटची व्हायला हवी. पुढचं सगळं त्या इमेजवर.

कोपरीकर

पामबीच, बरोबर. मी घाईत लिहिलं, मूळ डिस्कवर राइट सांगायला नको होतं. ताई, माझ्याकडे तसा अडॅप्टर आहे, पॉवरसकट. कोपरी पूर्वेला, तुम्हाला स्टेशन ओलांडून दहा मिनिटं. व्यनि (खासगी निरोप) करते.

खतावणी

कोपरीकर, तुमचे खूप आभार. काल संध्याकाळी अडॅप्टर घेऊन आले.

इमेज काढायला चार तास लागले. सुरुवातीला छान चाललं होतं, मग साधारण २ जीबीच्या आसपास डिस्क टक-टक करायला लागली आणि वेग शून्यावर आला. मी देवघरासमोर जाऊन बसले. परत आले तेव्हा पुढे सरकली होती. शेवटी नऊ सेक्टर वाचता आले नाहीत असं म्हणालं. फाइल ६४४८६१९५२० बाइट, अगदी तुम्ही म्हणालात तेवढी. ते नऊ कुठे आहेत?

पामबीच

डीडीरेस्क्यूची मॅपफाइल उघडा, त्यात जागा असते. २ जीबीला असतील तर विंडोजच्या भागात आहेत, ओव्यांशी संबंध नाही.

माउंट करण्याआधी एक पडताळणी करू, म्हणजे तुमची खात्री पटेल. तिसऱ्या लॉजिकल कप्प्याची अण्णांच्या वेळची नोंद मोठ्या भांड्यानं ४०४ सिलिंडर सोडून असणार, म्हणजे सेक्टर ६४९०२६०. तिला कुणी धक्का लावलेला नाही. एक्सएक्सडीला (फाइलचे बाइट दाखवणारा प्रोग्राम) इमेजवर ३३२३०१३१२० बाइट वगळून ५१२ बाइट दाखवायला सांगा. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए हवेत. त्याआधी, ४५० व्या जागी ८३ हवा, ती लिनक्सची खूण. ४५४ पासून चार बाइटमध्ये सुरुवात, ४५८ पासून चार बाइटमध्ये लांबी. बाइट उलट्या क्रमानं असतात, शेवटचा आधी.

खतावणी

शेवटी ५५ एए आहे. ८३ आहे. सुरुवात: ३एफ ०० ०० ००, म्हणजे ६३. लांबी: ३डी २६ ५डी ००. उलटं केलं, ००५डी२६३डी. कॅल्क्युलेटरवर दशमानात आणलं: ६१०४६३७.

वहीत ब्लॉक ३०५२३१८ आणि अधिकचं चिन्ह. एक ब्लॉक म्हणजे दोन सेक्टर, दुप्पट केली तर ६१०४६३६. आणि ते अधिकचं चिन्ह म्हणजे उरलेला एक सेक्टर ना? ६१०४६३७. अण्णांनी २००० साली पेनानं लिहिलेला आकडा आणि डिस्कवरचे चार बाइट, एका सेक्टरचाही फरक नाही. ताळा जमला. इतकी वर्षं मी ताळेबंद जुळवतेय, पण असा जुळलेला आजपर्यंत पाहिला नव्हता. ते अधिकचं चिन्हसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

पामबीच

हो, अधिक म्हणजे अर्धा ब्लॉक. अण्णांनी ते उतरवलं हे फार मोठं काम झालं. बहुतेक लोक सोडून देतात.

आता टेबल दुरुस्त करायचीसुद्धा गरज नाही. माउंटला थेट इमेज द्या आणि तीन गोष्टी सांगा: आरओ, लूप, आणि ऑफसेट बरोबर ३३२३०४५३७६. हा आकडा म्हणजे ६४९०२६० मध्ये ६३ मिळवून ५१२ नं गुणलेलं. आरओ विसरू नका, म्हणजे काही लिहिलं जाणार नाही. कप्प्याची मांडणी ईएक्सटी२ आहे, हल्लीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) ती सहज वाचतो. हे तुमच्या लॅपटॉपवरच करा, जुन्या २.२ कर्नलवर एवढा मोठा ऑफसेट चालत नाही.

मूळ मशिन पुन्हा चालवायची इच्छा झाली तर एफडिस्कमध्ये एक्स दाबून तज्ज्ञांच्या मेनूत जायचं, एचनं हेड २५५, एसनं सेक्टर ६३, सीनं सिलिंडर ७८४ करायचे, आरनं परत यायचं आणि मग वहीतले आकडे घालायचे. पण ते दुसऱ्या डिस्कवर इमेज उतरवून. ही डिस्क आता विश्रांतीला ठेवा.

खतावणी

झालं. माउंट झालं.

अण्णांच्या होम फोल्डरमध्ये "ओवी" नावाची डिरेक्टरी आहे, आत ११ फायली. पहिली उघडली तर रोमन अक्षरं, मला क्षणभर वाटलं हेही बिघडलंय. मग आठवलं, अण्णा असंच टंकायचे: जे, ए, ए, टी, ए, टिंब, एम, म्हणजे "जातं". मी शेजारी बसून हसायचे आणि ते म्हणायचे, वाच की मोठ्यानं, ऐकू येईल. मोठ्यानं वाचलं. ऐकू आलं.

प्रत्येक ओवीच्या वर टक्क्याची खूण करून कुणी सांगितली ते लिहिलंय. "आई." "आक्का, पण दुसरी ओळ आईची वेगळी." एका ठिकाणी, "आईला आठवेना, दिवाळीत परत विचारायचे." त्याखाली रिकामी जागा आहे, दोन ओळींची. धाकटी आत्या अजून आहे, शहापूरला असते. तिला या रविवारी जाऊन विचारणार आहे.

सगळ्या फायली पेनड्राइव्हवर आणि मेलवर घेतल्या. आता एक शेवटचा प्रश्न, यातून नीट देवनागरी छापून कशी मिळेल?

पामबीच

ती रोमन अक्षरांत देवनागरी टंकायची वेल्थुइस पद्धत आहे. टेकलाइव्हमध्ये (टेकचा हल्लीचा संच) देवनागरीचं पॅकेज आजही आहे आणि त्यात डेव्हनाग नावाचा प्रोग्राम येतो. तो आधी फाइलवर चालवायचा, मग जे निघतं ते टेकला द्यायचं, थेट पीडीएफ मिळेल. अडलं तर एक फाइल मला व्यनितून पाठवा, मी चालवून देतो. टक्क्याच्या ओळी छापल्या जात नाहीत, ती टेकमध्ये फक्त लिहिणाऱ्यासाठीची टीप असते. तुम्हाला त्या पुस्तकात हव्या असतील तर टक्का काढून तळटीप करावी लागेल.

खतावणी

हव्या आहेत. सगळ्या. दिवाळीचीसुद्धा.

फाइल क्रमांक ३ पाठवतेय. कोपरीकर, अडॅप्टर उद्या संध्याकाळी सातनंतर आणून दिला तर चालेल का?

कोपरीकर

चालेल. नवीन जागेत जाईपर्यंत ठेवा खरं तर, आणखी जुन्या डिस्क निघतात माळ्यावरून. आणि ती वही सामानात टाकू नका, हातात घेऊन जा.